डब्ल्यूसी नेमके काय मोजते?

कथा-कादंबरीचा खर्डा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणाऱ्याला शब्द मोजायला डब्ल्यूसी ही कमांड पुरते. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून ती आहे. लिनक्स आणि मॅकवर आजही आयती मिळते. टर्मिनलवर कमांड, पुढे हायफन डब्ल्यू, मग फाइलचे नाव. सगळ्या प्रकरणांच्या फायली एकदम दिल्या तर प्रत्येकीचा आकडा आणि शेवटी बेरीजही येते.

गोंधळ होतो तो आकड्याच्या अर्थावरून. शब्दसंख्या कळली की मजकूर केवढा ते कळले, मग भाषा कोणतीही असो, हा समज सर्वांत पक्का. पण डब्ल्यूसीला व्याकरण कळत नाही. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे सलग सापडेल, तो तिच्या लेखी एक शब्द. ‘ती घरासमोरच्या अंगणात बसली’ हे तिच्या हिशेबी चार शब्द. हेच हिंदीत ‘वह घर के सामने के आँगन में बैठी’ असे लिहिले की आठ, आणि इंग्रजीत ‘शी सॅट इन द कोर्टयार्ड इन फ्रंट ऑफ द हाउस’ म्हटले की दहा. प्रसंग तोच, अंगण तेच. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात, त्याचा हा परिणाम. विज्ञानकथांसाठीच्या नेब्युला पुरस्काराच्या नियमांत ४०,००० शब्दांपासून पुढे कादंबरी धरतात. तो आकडा समोर ठेवून मराठी लेखकाने आपली गोष्ट तोकडी ठरवू नये, असे मला कळकळीने वाटते. आपल्या मजकुराची तुलना मराठी मजकुराशीच व्हायला हवी.

विरामचिन्हे मोजली जात नाहीत, हेही अर्धेच खरे. ‘थांब – मी येतो’ यात डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली, तर शब्द चार भरतात. संवादांनी भरलेल्या प्रकरणात ही भर जाणवण्याइतकी होते. शीर्षक दाखवण्यासाठी त्याआधी टाकलेले सुटे हॅश चिन्हही असेच शब्द म्हणून मोजले जाते.

हायफन सी दिले की अक्षरे मिळतात, असे अनेकांना वाटते. मिळतात ते बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून नुसत्या ‘मराठी’चे १५ होतात. हायफन एम दिले आणि लोकेल, म्हणजे संगणकाचे भाषेचे सेटिंग, यूटीएफ-८ असले, तर ५ येतात, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. वाचणाऱ्याला दिसणारी तीन अक्षरे यांतल्या कुठल्याच पर्यायात मिळत नाहीत.

हायफन एल परिच्छेदाच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळी मोजत नाही, फाइलमधली एंटर मोजते.

आणि वर्डची डॉक्स फाइल थेट डब्ल्यूसीच्या हाती देऊ नये. ती आतून झिप केलेली असते. येणारा आकडा कथेचा नसतोच. आधी पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने साधा मजकूर काढावा आणि तो पाइपने डब्ल्यूसीकडे द्यावा.