भावाने दिलेले मूत्रपिंड

आंब्याला कलम करतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधतात. ती जगते, आंबे देते. मग माणसाचे तसे का होऊ नये? एकाचा अवयव निकामी झाला, तर दुसऱ्याचा बसवता येणार नाही का?

अमेरिकेत जोसेफ मरे नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांचा जन्म 1919 सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते लष्करी इस्पितळात होते. तेथे भाजलेले सैनिक येत. त्यांच्या जखमांवर दुसऱ्याची कातडी लावली, तर ती काही दिवस टिके आणि मग गळून पडे. असे का होते, याचा मरे विचार करू लागले.

गावात परका माणूस शिरला की कुत्री भुंकतात ना? आपल्या शरीराचेही तसेच आहे. रक्तात राखणदार पेशी असतात. त्या रोगजंतूंना मारतात. पण दुसऱ्याचा अवयव आला, तरी त्यांना तो परकाच वाटतो. त्या त्याच्यावरही तुटून पडतात.

मात्र एक गोष्ट डॉक्टरांना कळली होती. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावंडांत एकाची कातडी दुसऱ्याला कायमची चिकटते. तेथे राखणदाराला परका ओळखूच येत नाही.

1954 साली बोस्टन शहरात रिचर्ड हेरिक नावाचा तरुण मरणाच्या दारी होता. वय अवघे 23. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना आपली दोन मूत्रपिंडे असतात. त्यांनाच किडनी म्हणतात. ती रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. रिचर्डची दोन्ही बिघडली होती. त्याला रोनाल्ड नावाचा जुळा भाऊ होता. तो आपले एक मूत्रपिंड द्यायला तयार झाला.

पण धडधाकट माणसावर सुरी चालवायची कशी? यात त्याचा काय फायदा? डॉक्टरांनी इतर जाणत्यांचा सल्ला घेतला. भाऊ खरेच एकसारखे आहेत का, हे पाहायला बोटांचे ठसे घेतले, कातडीचा तुकडा लावून पाहिला. रिचर्डचेही मन कचरले. त्याने भावाला घरी जायला सांगितले. भाऊ हलला नाही.

23 डिसेंबर 1954 रोजी शस्त्रक्रिया झाली. रोनाल्डचे मूत्रपिंड रिचर्डच्या ओटीपोटात बसवले. रक्त सुरू होताच ते लाल झाले आणि लघवी झरू लागली! रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. त्याने लग्न केले, त्याला मुली झाल्या. आणि मूत्रपिंड देणारा रोनाल्ड? तो एका मूत्रपिंडावर 79 वर्षांचा होऊन 2010 साली वारला.

पण जुळा भाऊ किती जणांना असतो? म्हणून मरे थांबले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकायला देशोदेशीचे तरुण डॉक्टर येत. इंग्लंडहून आलेले रॉय काल्न त्यांतलेच. राखणदार पेशींना गुंगवणाऱ्या औषधांवर त्यांनी मरे यांच्याबरोबर प्रयोग केले. 1962 साली मेलेल्या माणसाचे मूत्रपिंड एका रोग्याला बसवले. औषधामुळे ते वर्षाहून अधिक काळ चालले. अशी औषधे रोग्याला कायम घ्यावी लागतात. ती फार झाली तर राखणदार झोपतो आणि खरा चोर, म्हणजे रोगजंतू, आत शिरतो. म्हणून ती मोजूनमापून देतात.

1990 साली मरे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 2012 साली ते वारले. आपल्या देशात मूत्रपिंडाची यशस्वी शस्त्रक्रिया 1971 साली वेल्लोरला झाली.

1994 साली आपल्याकडे अवयवांविषयी कायदा झाला. अवयव विकणे गुन्हा आणि विकत घेणेही गुन्हा. कोणी पैशाची लालूच दाखवून मूत्रपिंड मागितले, तर फसू नका. रोनाल्डने दिले ते भावासाठी, आपल्या राजीखुशीने.