सॉर्ट केलं आणि फाइल कोरी!

तर मंडळी, आज माझी एक फजिती. गॅदरिंगची वर्गणी भरलेल्यांची यादी होती, 400 ओळी, मोबाईलवर टर्मक्स नावाच्या टर्मिनल अ‍ॅपमध्ये. नावं अकारविल्हे लावायची म्हणून मी टाइप केलं: सॉर्ट यादी > यादी. एंटर. एरर नाही, काही नाही. फाइल उघडली तर शून्य बाइट!

झालं काय, तर ते 'ग्रेटर दॅन'चं चिन्ह सॉर्टसाठी नसतंच, ते शेल वाचतं. आणि शेल काय करतं, सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच उजवीकडची फाइल उघडून रिकामी करतं. मग बिचारं सॉर्ट वाचणार काय? इथे रीसायकल बिन वगैरे नसतं हां.

उपाय सोपा आहे. निकाल दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये घ्या, नजर टाका, मग 'एमव्ही'ने नाव बदला. सॉर्टला 'डॅश ओ' लावून तीच फाइल दिली तरी चालतं, कारण तेव्हा ते आधी सगळं वाचतं, मगच लिहितं. बॅशमध्ये 'सेट डॅश ओ नोक्लॉबर' करून ठेवलंत, तर आधीपासून असलेली फाइल या चिन्हाने पुसायला शेल सरळ नकार देतं.

मी ती यादी यूपीआयच्या मेसेजवरून परत बनवली. दोन रात्री गेल्या.