काळ्या गाडीवरचे चरे आणि आपल्या हातातलं फडकं



आजचा विषय ऐकून एखादी म्हणेल, गाडीच्या रंगाशी आपल्याला काय करायचंय? पण बघा, अक्कलकोटहून मैंदर्गी, दुधनी करत गाणगापूरकडे जाणारी वाट आपल्या गावावरून जाते. गुरुवारी, पौर्णिमेला भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. गावात कुणाचा दीर भाड्याची गाडी चालवतो, कुणाच्या मुलानं कर्ज काढून गाडी घेतलीय. आणि चालवायची बाप्यांनी, धुवायची आपण, हे तर घरोघरी ठरलेलंच आहे. काही बचत गटांत गाडी धुण्याचं काम घ्यायचाही विचार चालू असतो. गाडी काळी, गडद निळी किंवा चॉकलेटी असली की तिच्यावर बारीक चरे लगेच दिसतात. विकायला काढली की गिऱ्हाईक तेवढ्यावरून भाव पाडतं. दुसऱ्याची गाडी धुतली आणि चरे दिसले तर बोल आपल्याला लागतो. म्हणून हे चरे येतात कुठून, घालवायचे कसे, आणि मुळात येऊच नयेत म्हणून काय करायचं, ते आज सांगणार आहोत.

आधी हे चरे ओळखायला शिकू. घरातलं जुनं स्टीलचं ताट घ्या आणि दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेषा दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर अगदी तसंच जाळं दिसतं. खरं तर ते चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच. फक्त चऱ्याच्या कडेवरून उजेड परततो तो पांढरट, आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. संक्रांतीला नेसायच्या काळ्या चंद्रकळेवर पिठाचा हात लागला की कसा उठून दिसतो, तसंच काळ्या गाडीचं आहे.

आता गाडीचा रंग म्हणजे काय ते पाहू. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती या वरच्या थराची. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून वहीच्या एक-दीड कागदाएवढा जाड. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून खालच्या रंगाला तोच राखतो. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे चट्टे पडलेले, साल निघालेली तुम्ही पाहिली असेल. तिथला हा थर संपलेला असतो.

या पातळ थरावर चरे पाडते कोण? धूळ. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या धुळीत काळ्या मातीबरोबर खडीचा चुरा आणि वाळूचे बारीक कणही असतात. १८१२ साली फ्रीडरिश मोह्स नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञानं कोण कुणावर चरा पाडतो यावरून खनिजांची १ ते १० अशी उतरंड लावली. त्यात आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास, आणि वाळूतली गारगोटी सातवर. जी गारगोटी काचेवर चरा पाडते, तिच्यापुढे गाडीचा मऊ थर काय टिकणार?

पण धूळ नुसती बसली तर चरा पडत नाही. तिच्यावरून फडकं फिरतं तेव्हा तो पडतो. आपण ज्वारी पाखडून, खडे निवडून मगच दळायला देतो. खडे तसेच राहिले तर भाकरी कचकचते. इथेही आधी खडा काढायचा, मग हात फिरवायचा. सकाळी गाडी काढण्याआधी कोरड्या फडक्यानं टप आणि बॉनेट पुसायची जी सवय आहे, तिनेच सगळ्यात जास्त चरे पडतात. दुसरी सवय म्हणजे एकाच बादलीत फडकं बुचकळून सगळी गाडी पुसायची. दोन दरवाजे होईस्तोवर बादलीत चिखल झालेला असतो आणि तोच चिखल आपण उरलेल्या गाडीवर घासतो. तिसरी सवय भांड्याच्या घासणीची. ती गाडीला कधीही लावू नका, काचेलासुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हातातलीच आहे. बांगड्या, पाटल्या, अंगठी, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि वाकलं की पुढे लोंबणारं मंगळसूत्र, या सगळ्यांनी रंगावर ओरखडे उठतात. बांगड्या उतरवा असं आम्ही सांगत नाही. जुना पायमोजा पंजाकडून कापा, त्याची नळी मनगटावर चढवा, बांगड्या आत राहतील. किल्ल्या बाजूला ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या, पदर खोचा.

आता धुण्याची रीत सांगतो. गाडी सावलीत लावा. आपल्याकडच्या उन्हात पत्रा इतका तापतो की साबणाचं पाणी अंगावरच वाळतं आणि डाग पडतात. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर बसा. आधी नुसत्या पाण्यानं टपापासून खाली धूळ ओघळू द्या. या वेळी गाडीला हात लावायचा नाही. वाळलेला चिखल असेल तर पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्या.

मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडी धुण्याचा शाम्पू घातलेलं पाणी, दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. स्वच्छ पाण्याच्या बादलीत तळाशी जुनी प्लास्टिकची चाळण पालथी टाका. मऊ कापड साबणात बुडवून थोडा भाग धुवायचा, मग दुसऱ्या बादलीत खळबळून चाळणीवर हलकं घासायचं. माती चाळणीखाली बसते आणि पुन्हा फडक्याला लागत नाही. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालची पट्टी, असं वरून खाली यायचं. चाकांचं कापड वेगळं ठेवायचं. खाली पडलेलं फडकं तसंच उचलून वापरायचं नाही. कपड्यांची पावडर वापरू नका. तिचे न विरघळलेले कण घासले जातात, आणि गाडीवर मेण लावलेलं असेल तर तेही निघून जातं.

पाणी जास्त लागेल अशी शंका येईल. आपल्या भागात ती यायलाच हवी. हिशेब करून बघू. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी पडतं असं धरलं, तर २० मिनिटांत २०० लिटर जातं. १५ लिटरच्या पाच बादल्या म्हणजे ७५ लिटर. तेवढ्यात आधीचं भिजवणं, धुणं आणि शेवटचं खळबळणं नीट होतं. टंचाईच्या दिवसांत तेवढंही नसेल, तर धूळ तशीच राहू द्या. समोरची काच, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट ओली करून पुसा आणि आठवड्यानं एकदाच गाडी नीट धुवा. धुळकट गाडी धुतली की नवी दिसते. चरे पडलेली तशी दिसत नाही.

धुतल्यावर लगेच पाणी टिपून घ्या. बोअरचं पाणी जड असतं, त्यात क्षार असतात. थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो आणि तो काळ्या रंगावर डोळ्यांत भरतो. त्यासाठी आपल्या सोलापूरचा टॉवेल कामाला येतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या टॉवेलवर सुताचे बारीक फासे असतात, ते पाणी पटकन ओढतात. नवा टॉवेल दोन-तीनदा धुऊन मऊ करून घ्या आणि त्याचं लेबल कापून टाका. काठाची जाड शिवण रंगावर घासू देऊ नका. टॉवेल गाडीवर पसरायचा, हलका दाबायचा आणि उचलायचा. रगडायचा नाही. मायक्रोफायबरचं कापड असेल तर तेही उत्तम. ही कापडं वेगळी धुवा आणि दोरीवर वाळत घाला. कुंपणाच्या बाभळीवर टाकली तर काटे, कुसळं अडकून येतात.

सणावारांचंही लक्षात ठेवा. खंडेनवमीला, दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो. दुसऱ्या दिवशी ते कोरडं खरवडू नका, पाण्यानं विरघळवून काढा. लग्नाच्या गाडीवर फुलं चिकटवलेली टेप दिवसेंदिवस उन्हात ठेवू नका. काढताना कोमट पाण्यानं भिजवून हळू सोडवा. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओलं कापड पाच मिनिटं वर ठेवा आणि मग उचलून घ्या. उन्हात ती तशीच राहिली तर रंगावर कायमचा डाग पडतो. आणि धुळीनं भरलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर हलतं आणि दिवसभर कोरडं फडकं मारल्यासारखंच होतं.

आता जे चरे पडलेच आहेत, त्यांचं काय? आधी गाडी धुऊन वाळवा. चऱ्यावर आडवं नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे. त्यात पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर तो पॉलिशनं जाणार नाही, रंगच लावावा लागेल. तोही लवकर, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. नख अडकलं नाही, तर चऱ्यावर पाण्याचा हात फिरवा. ओला असताना चरा दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातलाच आहे आणि पॉलिशनं निघू शकतो.

पॉलिश म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्या. पॉलिश चरा भरत नाही. त्यात फार बारीक घासणारे कण असतात. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा थर ते किंचित खाली आणतात, म्हणून चरा नाहीसा होतो. म्हणजे दर वेळी पॉलिश केलं की त्या केसाहून पातळ थरातला थोडा भाग कायमचा जातो. वर्षात चार-चार वेळा रबिंग करून घेतलेली गाडी आज चमकते आणि उद्या उघडी पडते.

करायचंच झालं तर सगळ्यात सौम्य पॉलिश आधी घ्या. सावलीत, थंड पत्र्यावर, दोन वीत लांब-रुंद एवढाच भाग करून पाहा. स्पंजावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या, हलक्या हातानं फिरवा आणि स्वच्छ मऊ कापडानं पुसा. फरक पडला तरच पुढे जा. कडा आणि कोपऱ्यांवर रंग आणखी पातळ असतो, तिथे जोर लावू नका. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला बऱ्याचदा वेगळा पारदर्शक थर नसतो. पुसताना कापडाला गाडीचा रंग लागू लागला, तर तिथेच थांबा. शेवटी मेण लावा. मेणानं चरे जात नाहीत, थोडे झाकले जातात, पण वरचा थर राखला जातो. दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागतं.

घरगुती उपाय खूप सांगितले जातात. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, पण ते दातांसाठी असतात. कधी चरा फिका होतो, कधी नवे धूसर डाग पडतात. खोबरेल तेलानं एक दिवस चमक दिसते आणि मग त्यावर धूळ चिकटते. डिझेलच्या फडक्यानंही तेच होतं. शिवाय दारांचे रबर फुगून खराब होतात, आणि तेच फडकं चुलीजवळ राहिलं तर पेट घेईल ते वेगळंच.

गाडी धुण्याचं काम घेऊ पाहणाऱ्या गटांना चार गोष्टी सांगतो. गाडी हाती घेतली की मालकाबरोबर तिच्याभोवती एक फेरी मारा. जुने चरे मोबाइलची बॅटरी लावून दोघांनी बघा, फोटो काढा आणि वहीत नोंद करा. 'हे आधीचंच होतं' यावरून मग वाद होणार नाही. नखाला अडकणारा चरा घालवून देतो असं कबूल करू नका. मशीननं रबिंग शिकायचं असेल तर भंगारातून जुना दरवाजा आणा आणि त्यावर हात बसवा. आणि साबणाचं पाणी विहिरीकडे, हापशाकडे जाणार नाही अशीच जागा निवडा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुनं स्टीलचं ताट आणावं. दिव्याखाली धरून बघा आणि मग दारातल्या गाडीची बॉनेट बघा. शेजारीण घरात कन्नड बोलत असेल तर तिला कन्नडमधून सांगा. सकाळी दारात कुणी कोरडं फडकं उचललं की आधी एक मग पाणी तिच्या हातात द्या.