धावपट्टीपर्यंतची वाट

विमानाच्या धोक्यांचा विचार करताना आपली दृष्टी साहजिकच आकाशाकडे लागते. वादळ, धुके, बंद पडलेले एंजिन हे शत्रू वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित आहेत. परंतु प्रत्येक विमानाला उड्डाणापूर्वी आणि उतरल्यानंतर बरेच अंतर जमिनीवरून चाकांवर चालत जावे लागते. वैमानिकांच्या भाषेत याला ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. वेग बेताचा, उंची शून्य; त्यामुळे या चालीविषयी कोणी फारसे बोलत नाही, आणि खर्च तर त्याहूनही कमी करते.

इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी सकाळी दाट धुके पडले होते. चार माणसांना घेऊन निघालेले एक छोटे सेस्ना सायटेशन जेट पश्चिमेकडील तळावरून धावपट्टीच्या टोकाकडे चालले होते. नियंत्रकाने त्याला उत्तरेकडील ‘आर ५’ हा मार्ग सांगितला. ते वळले आग्नेयेकडील ‘आर ६’ मार्गावर, आणि हा मार्ग थेट धावपट्टी ओलांडत होता. त्याच क्षणी त्या धावपट्टीवरून स्कँडिनेव्हियन कंपनीचे एमडी-८७ विमान ११० माणसांसह उड्डाणाच्या वेगाने येत होते. धडकेनंतर ते सामान ठेवण्याच्या इमारतीवर जाऊन आदळले. तेथील ४ कामगार धरून ११८ माणसे मेली. दोन्ही विमानांतील एकही व्यक्ती वाचली नाही.

‘वैमानिक वाट चुकला’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तथापि तो कोणत्या वाटेवर चुकला, हेही पाहिले पाहिजे. तेथील खुणा व फलक नियमाप्रमाणे नव्हते. वैमानिकाने जाता जाता ‘एस ४’ ही जमिनीवरील खूण जवळ आल्याचे नियंत्रकाला प्रामाणिकपणे कळविले होते. पण ती खूण नियंत्रकाजवळच्या नकाशात मुळी नव्हतीच! जमिनीवरील हालचाल दाखविणारे जुने रडार १९९९ मध्येच बंद केलेले, नवे अद्याप सुरू न झालेले. धावपट्टीत कोणी घुसल्यास सूचना देणारी यंत्रणाही बंद. आडवे लाल दिवे जळत होते, परंतु ते नियंत्रकाच्या हाती नव्हते. सदैव जळणाऱ्या लाल दिव्याला लाल दिव्याची किंमत राहत नाही. शिवाय एवढ्या कमी दृश्यतेत विमान चालविण्याची पात्रता त्या वैमानिकांपाशी नव्हती, आणि ती आहे की नाही हे कोणी तपासलेही नव्हते.

ही यादी वाचताना अर्थशास्त्राच्या अध्यापकाला जे जाणवते ते असे. विमानतळाच्या इमारतीतील दुकान भाडे देते, मोठे विमान उतरण्याचे घसघशीत शुल्क देते. टॅक्सीमार्गावर रंगविलेली पिवळी रेघ मात्र एक पैसाही मिळवून देत नाही. ती पुसट झाली तर रंगाची बचत व्यवस्थापनाच्या जमाखर्चात दिसते, आणि तिच्यामुळे वाढलेली जोखीम दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर जाते. लिनातेच्या त्या कामगारांनी ना तिकीट काढले होते, ना विमान चालविले होते. आमच्या शास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. छोट्या विमानाचा मालक अत्यल्प शुल्क देतो, म्हणून त्याच्या वाटेकडे अत्यल्प लक्ष द्यावे, हा हिशेब वरवर तर्कशुद्ध वाटतो. परंतु वाट चुकलेले छोटे विमान जेथे पोहोचते तेथे मोठे विमान असू शकते.

जेथे नियंत्रण-मनोराच नाही, तेथे सारी भिस्त रेडिओवरील संभाषणावर. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी उतरणाऱ्या प्रवासी विमानाने रेडिओवरून विचारले, थांबला आहात ना? उत्तर आले, पण ते भलत्याच, मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या विमानाकडून. धावपट्टीवरील किंग एअर विमान निघाले होते. दोन धावपट्ट्या जेथे एकमेकींना छेदत होत्या तेथे टक्कर झाली व १४ जण मृत्युमुखी पडले.

हे मोठे अनर्थ झाले. लहान विमानाला रोजचे शत्रू याहून क्षुल्लक असतात. सेस्ना १५२ हे प्रशिक्षणाचे विमान माणसे व इंधन धरून सुमारे साडेसातशे किलोंचे. मागून तिरका वारा आला आणि शिकाऊ वैमानिकाने सुकाणू योग्य बाजूला धरले नसले तर त्याचा एक पंख उचलला जातो. मोठ्या जेटच्या मागून जाताना वाऱ्याचीही गरज उरत नाही. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या घडणीच्या विमानात नाक वर असल्याने वैमानिकाला समोरचे दिसतच नाही. त्याला नागमोडी चालत आलटून पालटून दोन्ही बाजूंनी डोकावावे लागते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात समोरचे दिसते, पण त्याच्या पंख्याचे टोक व जमीन यांत निदान ७ इंच अंतर असावे, एवढीच अमेरिकी नियमांची अनेक दशके अपेक्षा होती. म्हणजे न बुजविलेला एक खड्डा पुरे. पाते जमिनीला लागले की केवळ पाते बदलून भागत नाही, एंजिनही उघडून तपासावे लागते. खड्डा बुजविण्याचा खर्च किती, हे नगरपालिकेचा कोणताही मुकादम सांगेल.

आपल्याकडे जमिनीचा हा जाच नागरी विमानवाहतुकीइतकाच जुना आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले; परंतु ते मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई आणि मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पुढे धुळे, गोंदिया, बारामती येथे वैमानिक घडविण्याचे काम झाले, आणि २०१६ च्या ‘उडान’ योजनेनंतर लहान गावांतील धावपट्ट्यांना नवे महत्त्व आले. या गावांच्या विमानतळांचे अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा इमारतीचा आकडा ठळक असतो. टॅक्सीमार्गाची डागडुजी, खुणांचा रंग, दिवे आणि फलक यांसाठी दरवर्षी वेगळी, दुसरीकडे वळविता न येणारी तरतूद करावी, आणि तिचा भार छोट्या विमानांच्या शुल्कावर न टाकता धावपट्टी वापरणाऱ्या सर्वांवर वाटावा. एका मजल्याच्या संगमरवरापेक्षा ही रक्कम जास्त होईल असे वाटत नाही.