बिघाड झडपेत, मग ॲन्जिओग्राफी कशाला?

धाराशिव : परंडा असो की उमरगा, हृदयाची झडप बदलायला पेशंट सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याला नेला की बऱ्याचदा आधी ॲन्जिओग्राफी सांगतात. टूडी इकोत तर झडपच खराब दिसलेली असते. मग हा जादा खर्च कशाला, अशी शंका घरच्यांना येतेच.

विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर आणा. हृदयाची झडप म्हणजे तिचा फुटव्हॉल्व्ह. तो गळला की पाणी मागं जातं, अडकला की पाणी चढत नाही. पण मोटरला वीज देणारी केबल वेगळी असते. हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागतं आणि ते कोरोनरी धमन्यांतून येतं. फुटव्हॉल्व्ह नवा बसवला, केबल जळकीच राहिली, तर मोटर चालेल का?

नुसत्या दुखण्यावरून हे ओळखता येत नाही. महाधमनीची झडप फार अरुंद झाली, तर धमन्या साफ असूनही चालताना छातीत दुखतं. उलट शुगरवाल्यांना ब्लॉकेज असूनही कधी कधी काहीच जाणवत नाही. इकोत हे ब्लॉकेज थेट दिसत नाहीत. पट्ट्यावर चालवायची टीएमटी स्वस्त खरी, पण झडप फार अरुंद होऊन त्रास सुरू झालेल्या पेशंटला ती धोक्याची.

ऑपरेशनवेळी हृदय थांबवून त्याचं काम मशीनवर चालवतात. ब्लॉकेज आधी कळलं नाही, तर हृदय पुन्हा सुरू करताना जिवावर बेतू शकतं. कळलं, तर झडप आणि बायपास एकाच वेळी करता येतं; छाती दोनदा उघडावी लागत नाही.

ही तपासणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. साधारण ४० च्या पुढचे पुरुष, पाळी थांबलेल्या बायका आणि शुगर, बीपी, बिडी-तंबाखू असलेल्यांना ती सांगतात. लहानपणीच्या सांधेतापानं झडप गेलेल्या पंचविशीतल्या मुलीला बहुधा गरज नसते. धोका कमी असेल तर सीटी ॲन्जिओग्राफीवरही भागतं.

किडनीचा त्रास, औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये.

झडप बदलणं आणि बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. ॲन्जिओग्राफी त्यात धरलीय का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. योजनेचा टोल फ्री नंबर : १५५३८८.