विषापासून औषधाकडे : कान्होबा कीर्तिकर यांची वनस्पतिसाधना

कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे पेशाने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील शल्यवैद्य. अमेरिकेतील एसा ग्रे यांनी वैद्यकाची पदवी घेऊन पुढे तो व्यवसाय सोडला आणि 1842 पासून हार्वर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. कीर्तिकरांनी मात्र सरकारी वैद्यकसेवा सांभाळूनच या शास्त्राचा अभ्यास केला.

ठाण्यात ते सिव्हिल सर्जन, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य सरकारी वैद्यकीय अधिकारी, होते. विषबाधेच्या प्रकरणांत शवचिकित्सा अशा अधिकाऱ्याकडे येई, आणि धोतऱ्याचे बी, कण्हेरीचे मूळ किंवा गुंज यांची ओळख नेमकी पटवणे न्यायदानासाठीही आवश्यक असे. कोलशेतपासून घोडबंदरकडे जाणाऱ्या खाडीच्या खारफुटीत, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडीत, आढळणारा गेवाही याच जातकुळीचा असून त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास काही काळ दृष्टी जाऊ शकते. मुंबई परिसरातील विषारी वनस्पतींवर कीर्तिकरांनी 1890च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सचित्र लेखमाला लिहिली. त्याआधी, 1886 मध्ये, त्याच नियतकालिकाच्या पहिल्या खंडात उष्ण झऱ्यांतील एका शैवालावर, म्हणजे मुळे-पाने नसलेल्या पाणवनस्पतीवर, त्यांचा लेख आला होता. लंडनच्या लिनियन सोसायटीचे ते फेलो होते.

कीर्तिकरांचे नाव टिकले ते मात्र ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ या ग्रंथामुळे. मेजर बी. डी. बसू यांच्यासह सिद्ध झालेला, हजाराहून अधिक चित्रे असलेला हा ग्रंथ अलाहाबादहून 1918 मध्ये, कीर्तिकरांच्या निधनानंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. पुढे ब्लॅटर, कायस आणि म्हसकर यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती 1930च्या दशकात काढली, आणि आज अभ्यासक ‘कीर्तिकर-बसू’ म्हणून ज्या खंडांचा हवाला देतात ते बहुधा याच आवृत्तीचे, म्हणजे बऱ्याच अंशी नंतरच्या हातांनी घडवलेले असतात. ग्रंथात पूर्वसूरींच्या नोंदींचे संकलन मोठे आहे. स्वतंत्र निरीक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास, फारशा न वाचल्या जाणाऱ्या त्या विषलेखमालेचे मोल अधिक ठरते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नोंद वेगळ्याच कारणाने होते. टेनिसनच्या काव्यावर बेतलेले ‘इंदिरा’ हे काव्य त्यांनी 1884 मध्ये लिहिले आणि 1909 मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. संमेलनाध्यक्षांच्या यादीत वनस्पतिशास्त्रज्ञ विरळाच, तरी त्या यादीत हे नाव वाचणाऱ्यांना ‘कीर्तिकर-बसू’मधले कीर्तिकर तेच, हे सहसा ठाऊक नसते.