‘काढण्याच्या उलट क्रमाने’ : फ्लेक्स प्लेटच्या एका दशकाचा मागोवा

शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-एट इंजिनाच्या पाठीमागच्या टोकाची मापे 1986 च्या मॉडेलांपासून बदलली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली; आणि या इंजिनाच्या घराण्याला ज्या गाडीने तरुणांमध्ये नाव मिळवून दिले, त्या कॅमारोचे उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबले. अशा निमित्तांनी अमेरिकेत होणाऱ्या गौरवलेखनात अश्वशक्ती, शर्यती आणि जाहिराती यांना भरपूर जागा मिळते. परंतु इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्यामधील ज्या एका पोलादी तबकडीवर या गाड्यांचे चालणे अवलंबून होते, आणि जी चुकीची बसवली गेल्यामुळे चांगली इंजिने व चांगले गिअरबॉक्स निकामी झाले, त्या फ्लेक्स प्लेटचा उल्लेख क्वचितच येतो. ही उपेक्षा निव्वळ विस्मरणातून आलेली नाही, कारण त्या तबकडीचा इतिहास लिहायचा तर बदल उत्पादकांनी केले आणि दोष मात्र कारागिरांच्या माथी मारला गेला, हे आधी मान्य करावे लागते.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांची वरखाली होणारी हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते आणि त्यावर क्लच घासतो. स्वयंचलित गाडीत क्लचची जागा टॉर्क कन्व्हर्टर घेतो. हा तेलाने भरलेला बंद डबा असून त्यातील फिरत्या तेलामार्फत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते, आणि तो स्वतःच पुरेसा जड असल्यामुळे निराळ्या फ्लायव्हीलची गरज उरत नाही. क्रँकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांना जोडण्यापुरती मोठ्या तव्याएवढी पातळ प्लेट पुरते, आणि तिच्या कडेवरील रिंग गिअरच्या दात्यांत स्टार्टर मोटर, जिला आपल्याकडचे मेकॅनिक ‘सेल्फ’ म्हणतात, गुंतून इंजिन फिरवते. ही प्लेट पातळ ठेवण्यामागे काटकसर हे कारण नाही. आतील तेलाच्या दाबाने आणि उष्णतेने कन्व्हर्टर किंचित फुगतो व पुढेमागे सरकतो, ती हालचाल क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचू नये म्हणून प्लेटने थोडे लवणे आवश्यक असते.

या रचनेच्या पहिल्या चार दशकांत, तबकडीच्या दृष्टीने पाहिले तर, सांगण्याजोगे फारसे घडले नाही. ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलांत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आला, 1948 मध्ये ब्युइकच्या डायनाफ्लोने टॉर्क कन्व्हर्टर सर्वसामान्य मोटारींत आणला, 1950 मध्ये पॉवरग्लाइडने तो शेव्हरोलेच्या स्वस्त गाड्यांपर्यंत पोहोचवला आणि 1955 मध्ये स्मॉल ब्लॉक जन्माला आला. तेव्हापासून 1985 पर्यंत या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला प्लेट ज्या सहा बोल्टांनी जोडली जाई, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 3.58 इंच इतकाच राहिला. अपवाद होता तो 1970 ते 1980 या काळात निघालेल्या 400 घनइंची इंजिनाचा, ज्याच्या समतोलासाठी लागणारे काही वजन क्रँकशाफ्टबाहेर, पुढच्या टोकावरील कंप शोषणाऱ्या डॅम्परवर आणि मागच्या प्लेटवर, ठेवलेले होते. परंतु तो अपवाद सर्वांना ठाऊक होता आणि म्हणून फारसा घातक ठरला नाही.

खरी गुंतागुंत सुरू झाली ती 1986 मध्ये. तोपर्यंत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारे सील दोन अर्ध्या तुकड्यांचे असे आणि ते गळतीसाठी प्रसिद्ध होते. त्याऐवजी एकसंध गोल सील आले, ही निःसंशय सुधारणा होती. मात्र त्या सीलसाठी क्रँकशाफ्टची मागची कडी पूर्ण गोल करावी लागली, त्यामुळे जुन्या कडीवर समतोलासाठी असलेला वजनाचा भाग नाहीसा झाला आणि ते वजन फ्लेक्स प्लेटवर वेल्ड करण्यात आले. त्याचबरोबर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 3.58 वरून 3 इंचांवर आला. बोल्ट जुळले नाहीत की चूक तिथेच उघड होते, आणि ती चूक सर्वांत निरुपद्रवी असते. घातक असतात त्या चुका, ज्यांत सर्व काही जुळते, इंजिन सुरू होते आणि बिघाड काही हजार किलोमीटरांनंतर प्रकट होतो. अशा चुकांना पुढच्या दशकाने मुबलक वाव दिला.

या दशकात अमेरिकेतील हौशी आणि व्यावसायिक कारागिरांत एका विशिष्ट जोडणीची लाट आली होती. जुन्या 400 च्या इंजिनातील पावणेचार इंची स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनाच्या तेवढ्या धावेचा, क्रँकशाफ्ट घ्यायचा, त्याचे मुख्य जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, लेथवर कमी करून घ्यायचे आणि तो 350 च्या, सिलिंडर 0.030 इंचाने वाढवलेल्या ब्लॉकमध्ये बसवायचा, म्हणजे 383 घनइंचांचे दणकट इंजिन थोड्या खर्चात तयार होई. परंतु तो क्रँकशाफ्ट आपला जुना असमतोल बरोबर घेऊन येई, म्हणून त्याला 400 चाच डॅम्पर आणि 400 चीच वजनदार प्लेट लागे. ब्लॉक 350 चा आहे एवढ्यावरून 350 ची जुनी, वजन नसलेली प्लेट लावली, तर बोल्ट बिनतक्रार बसत आणि इंजिन मात्र वेग वाढताच थरथरू लागे. तीच कथा फोर्डच्या 302 इंजिनाची, जिथे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्य समतोलाचे माप 28 औंस-इंचांवरून 50 औंस-इंचांवर गेले. औंस-इंच म्हणजे वजन गुणिले केंद्रापासूनचे अंतर; हा गुणाकार बाहेरून पाहून कळत नाही, आणि दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या तरी नवख्या डोळ्याला फरक जाणवेलच असे नाही. शिवाय वजन असलेली प्लेट क्रँकशाफ्टच्या संदर्भात ठरलेल्या एकाच कोनात बसावी लागते. क्रायस्लरने बोल्टांपैकी एकाचे छिद्र किंचित सरकवून प्लेट दुसऱ्या कोनात बसूच नये अशी तजवीज केली होती. इतका साधा उपाय सर्वांनी का स्वीकारला नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर उत्पादकांच्या बाजूने आढळत नाही.

दात्यांचा गोंधळ याहून जुना असला तरी याच काळात तो शिगेला पोहोचला. शेव्हरोलेच्या प्लेटा दोन आकारांत येत, 153 दात्यांची पावणेतेरा इंच व्यासाची आणि 168 दात्यांची सव्वाचौदा इंचांच्या जरा आतली; पहिलीसाठी स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत, तर दुसरीसाठी तिरके असत. कन्व्हर्टरच्या बोल्टांची वर्तुळेही दोन, 10.75 आणि 11.5 इंचांची, आणि त्यात 1982 मध्ये आलेल्या 700 आर फोर या गिअरबॉक्सने मेट्रिक आटे आणले. जुन्या कन्व्हर्टरला 3/8 इंची, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीचे बारीक आट्यांचे बोल्ट लागत आणि नव्याला दहा मिलिमीटरचे, त्यामुळे एकाच प्लेटच्या क्रँकशाफ्टकडील बाजूला इंची आणि कन्व्हर्टरकडील बाजूला मेट्रिक बोल्ट, अशी अवस्था झाली. डब्यात साठवलेले जुने बोल्ट नव्या कामाला वापरण्याची काटकसरी सवय, जी तोपर्यंत गुण समजली जाई, ती या दशकात दोष ठरली.

याच गिअरबॉक्समुळे आणखी एक जुनी सवय महागात पडू लागली. लांब बोल्ट वापरला तर त्याचे टोक कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणाला आतून टेकते आणि तिथे उंचवटा येतो. पूर्वी या दोषाकडे काणाडोळा करता येई, परंतु इंधन वाचवण्यासाठी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कन्व्हर्टरमध्ये ‘लॉकअप’ क्लच आला, जो ठराविक वेगानंतर त्याच झाकणाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून इंजिन व गिअरबॉक्स यांची थेट जोडणी करतो. झाकणावर आलेला उंचवटा त्या क्लचचे अस्तर खरवडून काढतो, त्याचा भुगा तेलातून गिअरबॉक्सभर फिरतो आणि अखेरीस पाव इंच लांबीच्या फरकाचे रूपांतर संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्यात होते.

तरीही या काळातील सर्वाधिक नुकसान मापांच्या गोंधळाने नव्हे, तर दुरुस्ती-पुस्तिकांतील एका वाक्याने केले असे म्हणावे लागेल. गिअरबॉक्स उतरवण्याची कृती पानभर सांगून झाल्यावर ‘बसवणी काढण्याच्या उलट क्रमाने करावी’ एवढेच लिहून लेखक मोकळे होत, आणि फ्लेक्स प्लेटच्या बाबतीत ते वाक्य असत्य आहे. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये एकदम बसत नाही. त्याला तीन ठिकाणी गुंतावे लागते: गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्यात, आतील स्टेटर नावाच्या पात्यांच्या चक्राला आधार देणाऱ्या स्थिर नळीत आणि तेलाच्या पंपात, प्रत्येक वेळी तो हाताने फिरवत आत ढकलावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याला तो थोडा आत जाऊन टेकल्याचे हाताला कळते. काढताना तो एका ओढीत बाहेर येतो, त्यामुळे हे टप्पे उलट क्रमात दिसतच नाहीत. शेवटचा टप्पा राहून गेला आणि गिअरबॉक्सचे बेलहाउसिंग, म्हणजे कन्व्हर्टरवरील घंटेच्या आकाराचे कवच, इंजिनाला बोल्टांनी ओढून टेकवले, तर पंप तिथल्या तिथे फुटतो.

जाणत्या कारागिराची परीक्षा म्हणूनच एका साध्या तपासणीत होई. बेलहाउसिंग ब्लॉकला हाताच्या जोराने पूर्ण टेकले पाहिजे, ब्लॉकमधील दोन्ही डॉवेल, म्हणजे जागा नेमकी ठरवणाऱ्या खुंट्या, शाबूत असल्या पाहिजेत, आणि सर्व बोल्ट आवळल्यावरही कन्व्हर्टर प्लेटपासून सुटा राहून हाताने मोकळा फिरला पाहिजे. त्या अवस्थेत प्लेट आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये साधारणपणे एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच, म्हणजे सुमारे तीन ते पाच मिलिमीटर फट असावी लागते. मग कन्व्हर्टर पुढे ओढून, त्याचे नाक क्रँकशाफ्टच्या खाचेत बसवून बोल्ट आधी हाताने लावायचे आणि नंतर आवळायचे. फट कमी असेल तर फुगणारा कन्व्हर्टर क्रँकशाफ्टला पुढे रेटतो आणि थ्रस्ट बेअरिंग, जे क्रँकशाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल रोखते, ते झिजून जाते. फट जास्त असेल तर कन्व्हर्टर पंपातून अर्धवट बाहेर राहतो आणि मग प्रत्येक बोल्टापाशी सारख्याच जाडीचा वायसर घालून ती भरावी लागते. क्रँकशाफ्टकडील बोल्ट जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये सुमारे 60 पाउंड-फूट ताणाने, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे असतात. यातले काहीही अवघड नव्हते, परंतु ते कोणी सांगितले तरच कळणारे होते.

न सांगितल्याचे परिणाम विचित्र रूपात समोर येत. डॉवेल हरवल्यामुळे किंवा बोल्ट सैल राहिल्यामुळे प्लेट प्रत्येक फेरीला तिरकी लवते आणि कालांतराने मधल्या बोल्टांभोवती गोलाकार तडकते. तडकलेली प्लेट संथ चालणाऱ्या इंजिनात जो ठकठक आवाज करते, तो कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेल्याच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की खालचे धुळीचे झाकण काढून विजेरीने पाहण्याऐवजी इंजिनच उघडले जाई. निदानातील ही चूक कारागिराची होती हे नाकारता येत नाही; मात्र तडा ज्या बसवणीमुळे गेला, तिच्याबद्दल त्याच्या हातातील पुस्तिकेने मौन पाळले होते, हेही तितकेच खरे आहे.

त्या दशकाची भरपाई करणाऱ्या दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही आज क्षीण झाल्या आहेत. पहिली म्हणजे सुट्या भागांच्या दुकानातील गल्ल्यामागचा अनुभवी माणूस, जो गाडीचे साल विचारून थांबत नसे, तर सील एकसंध आहे की दोन तुकड्यांचे, दाते किती, क्रँकशाफ्टवरील ओतीव क्रमांक कोणता, हे विचारल्याशिवाय फळीवरून प्लेट काढत नसे. आणि दुसरी म्हणजे गावोगावचे मशीन शॉप, जिथे क्रँकशाफ्ट, डॅम्पर आणि प्लेट एकत्र फिरवून समतोल तपासला जाई. नियमाने न शिकवलेले ज्ञान या दोन जागांवरून हातोहात पुढे जात असे.

पुढचा काळ थोडक्यात आटोपता येतो. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस वन इंजिन आले, सर्व प्लेटा 168 दात्यांच्या झाल्या आणि समतोल क्रँकशाफ्टच्या आत परतला. परंतु नव्या क्रँकशाफ्टची मागची कडी जुन्यापेक्षा सुमारे 0.4 इंच पुढे असल्यामुळे जुना गिअरबॉक्स जोडायचा तर स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. शर्यतीसाठी एसएफआय 29.1 या मानकाच्या जाड प्लेटा निघाल्या, आणि उच्च वेगाला प्लेट फुटून तुकडे उडू नयेत म्हणून आखलेले ते मानक रोजच्या गाडीसाठीही सरसकट ‘अधिक चांगले’ म्हणून विकले जाऊ लागले. आता फ्लेक्स प्लेट संगणकाच्या पडद्यावरील चित्र पाहून मागवली जाते, खोक्यावर गाड्यांची आणि सालांची लांबलचक यादी असते आणि आत एक ओळही नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण उरलेले नाही. 2014 च्या सेलेरियोपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी, म्हणजे क्लच व गिअर यंत्रामार्फत आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांत नेहमीचाच क्लच आणि फ्लायव्हील असते, त्यामुळे ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे आतून जुनीच गाडी असा समज पसरला. परंतु टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांत आणि अनेक सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या ठराविक पायऱ्या नसलेल्या, गाड्यांत हीच लवणारी प्लेट असते. या गाड्या जसजशा जुन्या होत कंपनीच्या सेवा केंद्रांबाहेर पडतील तसतशा त्या क्लचप्लेटवर हात बसलेल्या मेकॅनिकांसमोर येतील. त्यांना डॉवेल, तीन टप्पे आणि कन्व्हर्टरपुढची फट यांची माहिती देणे हे प्रशिक्षण संस्थांचे आणि भाग विकणाऱ्यांचे काम आहे. विजेच्या गाड्यांत ही प्लेट नसते, म्हणून आता तिच्यावर कष्ट कशाला, असा युक्तिवाद केला जातो; पण रस्त्यावर आज असलेल्या गाड्या त्या युक्तिवादाने थांबणार नाहीत.

अमेरिकेतील त्या दशकाचा धडा इतकाच आहे की प्लेट बसवताना झालेल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नव्हत्या. सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधील न दिसणारा फरक ज्यांनी निर्माण केला, त्यांनी तो मोजण्याची पद्धत वस्तूबरोबर दिली नाही. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, दात्यांची संख्या, असमतोलाचे माप, आवळण्याचा ताण आणि फटीची मर्यादा हे पाच आकडे खोक्यावर छापण्यास जागाही पुरेशी आहे आणि खर्चही नगण्य आहे. ते छापले जात नाहीत तोवर बिघडलेल्या गिअरबॉक्सचा दोष केवळ पान्हा धरणाऱ्या हाताला देण्याचा अधिकार उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पोहोचत नाही.